क्रीडास्पर्धांसाठी ग्रामीण क्षेत्राची विभागणी : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

ग्रामीण क्रीडास्पर्धांविषयी आपल्याकडे जे लेखन होते ते बहुधा खेळाडू, प्रशिक्षण, मैदाने आणि अनुदान या चार विषयांभोवती फिरते. स्पर्धा भरविण्यापूर्वी गावांचे गट कोणी पाडले आणि कोणत्या आधारावर पाडले, हा प्रश्न मात्र आयोजनातील किरकोळ तपशील समजून सोडून दिला जातो. वस्तुतः कोणता संघ कोणाशी, कुठे आणि किती वेळा खेळणार हे त्या एका निर्णयात ठरून जाते. कोणता संघ मुळात उभाच राहणार नाही, हेही तेथेच ठरते. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या किनारी तालुक्यांच्या, त्यातही प्रामुख्याने अलिबाग व मुरूड यांच्या संदर्भात या विभागणीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. प्रचलित विभागणी ही संघ गाळण्याच्या सोयीने झालेली आहे आणि संघांना खेळायला मिळावे हा हेतू तिच्यात दुय्यम ठरला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

उसन्या सीमा

ग्रामीण स्पर्धांसाठी आज जी क्षेत्रे वापरली जातात ती सर्व अन्य कामांसाठी आखलेली आहेत. तालुका हा महसुलाचा घटक. जिल्हा परिषदेचा गट आणि त्याचे दोन पंचायत समिती गण हे मतदारसंख्येवर बेतलेले घटक. ग्रामपंचायतीचा प्रभागही तसाच. २००८-०९ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'पायका' योजनेत ग्रामपंचायतीला क्रीडांगण आणि तालुक्याला स्पर्धा, अशी मांडणी होती. गाव आणि तालुका यांच्यामधली पायरी तिच्यात नव्हती. २०१४ मध्ये ही योजना राजीव गांधी खेल अभियानात विलीन झाली आणि पुढे 'खेलो इंडिया' आले, तरी ती रिकामी जागा भरली गेली नाही.

प्रशासकीय सीमांचे काही गुण नाकारता येणार नाहीत. त्या लेखी असतात, त्यांवरून वाद होत नाही, निधी त्यांच्याच वाटेने येतो आणि पंचगिरीसाठी शिक्षकवर्गही त्याच रचनेतून मिळतो. दोष असा, की किनारपट्टीवर या सीमा माणसांच्या येण्याजाण्याशी जुळत नाहीत. येथील भूगोल खाड्यांनी कापलेला आहे. धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांपैकी काहींवर पूल आहे, काहींवर तर किंवा जंगल जेट्टी आहे. आणि जेथे पूल झाला तेथे दोन काठांचे नाते बदलले तरी तालुक्याची रेषा तशीच राहिली.

कोर्लईचे उदाहरण पाहावे. पोर्तुगीज-क्रिओल बोलणाऱ्या वस्तीमुळे भाषाभ्यासकांना परिचित असलेले हे गाव मुरूड तालुक्यात आहे. साळाव पूल ओलांडला की चार-पाच किलोमीटरवर रेवदंडा. बाजार, दवाखाना, एस.टी. यांसाठी गावकऱ्यांचा राबता तिकडेच. परंतु रेवदंडा अलिबाग तालुक्यात असल्यामुळे शालेय कबड्डीच्या तालुका फेरीत कोर्लईच्या मुलांची गाठ रेवदंड्याच्या मुलांशी पडत नाही. त्यांना पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या मुरूडकडे तोंड करावे लागते.

याहून ठळक विसंगती दक्षिण टोकाला आढळते. सावित्रीच्या मुखाशी अलीकडे श्रीवर्धन तालुक्यातील बागमांडला, पलीकडे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेशवी. मध्ये फेरीबोटीचा प्रवास. महसुलाच्या दृष्टीने रायगड व रत्नागिरी हे दोन्ही जिल्हे कोकण विभागात येतात. क्रीडा खात्याचे विभाग मात्र आठ आहेत आणि त्यांत रायगड मुंबई विभागात, तर रत्नागिरी कोल्हापूर विभागात मोडतो. परिणामी समोरासमोरच्या काठांवरील दोन शाळांची अधिकृत गाठ पडायची तर दोघींनाही आपापला विभाग जिंकून राज्यस्तरावर जावे लागेल. हा अपवाद आहे असे कोणी म्हणेल. पण सीमेवरच्या प्रत्येक गावाच्या बाबतीत असा अपवाद निघतो, आणि खाड्यांच्या प्रदेशात सीमेवरची गावेच पुष्कळ असतात.

जिल्हा परिषद गटाचे दुखणे वेगळे आहे. आमदार चषक, सभापती चषक यांसारख्या स्पर्धा गटवार किंवा गणवार घेण्याचा प्रघात आहे. पुरस्कर्त्याचे क्षेत्र तेच स्पर्धेचे क्षेत्र. त्यात गैर काही नाही, खर्च करणाऱ्याला आपली माणसे दिसावीत असे वाटणारच. अडचण अशी, की गट टिकत नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०१७ ची जिल्हा परिषद निवडणूक ५९ गटांवर झाली. अशा प्रत्येक फेररचनेत काही गावे इकडची तिकडे जातात. दोन गावांमधली चुरस तयार व्हायला दहा-वीस वर्षे लागतात. मागच्या वर्षीच्या पराभवाची आठवण हेच पुढच्या वर्षीच्या सरावाचे कारण असते. पाच वर्षांनी बदलणाऱ्या क्षेत्राला अशी आठवण राहत नाही.

या सर्वांत त्यातल्या त्यात समाधानकारक घटक म्हणजे प्राथमिक शाळांचे 'केंद्र'. सुमारे दहा शाळांचे हे केंद्र अंतराचा विचार करून बांधलेले असते, आणि शिक्षक मुलांना घेऊन सकाळी जाऊन संध्याकाळी परतू शकतात. प्रौढांच्या स्पर्धांनी हा घटक कधी गंभीरपणे विचारात घेतलेला नाही, याचे आश्चर्य वाटते.

लोकांनी मानलेले विभाग

या प्रदेशाला स्वतःचे विभाग नाहीत असे नव्हे. अलिबागच्या किनाऱ्यालगतचा बागायती पट्टा 'अष्टागर' म्हणून ओळखला जातो. त्याच्या पूर्वेला, धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांनी पसरलेला भातखाचरांचा व खारबंदिस्तीचा प्रदेश म्हणजे 'खारेपाट'. खारेपाट ही केवळ भूरूपाची संज्ञा नाही. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात चरी व परिसरातील पंचवीस गावांनी खोतीविरुद्ध संप केला, त्यामागे याच मुलखाची एकजूट होती. आजही कबड्डीचा संघ 'खारेपाटातला' आहे एवढे सांगितले की प्रेक्षक त्याच्या खेळाविषयी काही अटकळ बांधतो. परंतु तालुक्याच्या रेषेने पोयनाड-शहाबाज अलिबागमध्ये आणि वडखळ पेणमध्ये टाकल्यामुळे अधिकृत स्पर्धेत खारेपाट हा घटकच उरत नाही.

अर्थात लोकपरंपरेतील विभाग जसेच्या तसे उचलावेत, असे सुचवायचे नाही. अष्टागरातील आठ आगरे कोणती याविषयीच एकवाक्यता नाही. शिवाय मांडवा-रेवसपासून रेवदंड्यापर्यंतचा पट्टा एका विभागासाठी फार लांबट होतो. तथापि विभाग पाडताना नकाशाबरोबर एस.टी.चे वेळापत्रक व भरती-ओहोटीचे कोष्टकही समोर असावे, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

भरती-ओहोटीचा उल्लेख येथे अलंकार म्हणून केलेला नाही. किनाऱ्यावरच्या अनेक गावांना वाळूची पुळण हेच मैदान. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास येथे भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, म्हणजे सकाळी व संध्याकाळी पुळण मोकळी असते; अष्टमीच्या आसपास हे चक्र उलटते आणि ओहोटी भर दुपारी येते. सोयीचे सामने उधाणाच्या दिवसांत ठेवावेत, असे यावरून वाटेल. पण डोलीची मासेमारी उधाणाच्या प्रवाहावरच चालते. त्या दिवसांत कोळीवाड्यातील तरुण समुद्रावर असतो आणि भांगाच्या दिवसांत घरी. मैदान मोकळे असते तेव्हा खेळाडू नसतो, खेळाडू असतो तेव्हा मैदानात उन्हाचा कहर. म्हणून कोळीवाडे व भातशेतीची गावे एकाच विभागात असतील तर कोळीवाड्यांचे सामने भांगाच्या रात्री, आतल्या गावात, कापणी झालेल्या खाचरात ठेवणे श्रेयस्कर ठरते. तालुका कार्यालयात बसून तारखा ठरविणाऱ्या समितीला हे सुचणे कठीण. विभागाची समिती असेल तर तिच्यात एखादा तांडेल असेलच.

गाळणी आणि साखळी

आता मूळ मुद्दा. समजा, एका परिसरात सोळा संघ आहेत. बाद पद्धतीने स्पर्धा घेतल्यास पंधरा सामन्यांत ती संपते, एका रात्रीत प्रकाशझोतात उरकता येते, आणि हीच पद्धत सर्वत्र रूढ आहे. तिच्यात आठ संघ एकेक सामना खेळून घरी जातात. वर्षभराचा सराव, पोशाखाची वर्गणी, टेम्पोचे भाडे, आणि खेळ चाळीस मिनिटांचा. हेच सोळा संघ चार-चारच्या चार विभागांत वाटले तर प्रत्येक विभागात साखळीचे सहा सामने होतात, चारही विभागांचे मिळून चोवीस, आणि विजेत्यांचे उपान्त्य व अंतिम असे तीन धरून एकूण सत्तावीस. सामने दुपटीहून थोडे कमी वाढले, पण दुबळ्यातल्या दुबळ्या संघालाही तीन सामने मिळाले, तेही घरापासून जवळ. विभागणीचे खरे प्रयोजन हे आहे. विभाग जवळच्या गावांचा असेल तरच साखळी परवडते. तो तालुक्याएवढा झाला की प्रवासखर्चामुळे आयोजक पुन्हा बाद पद्धतीकडे वळतो. विभागाचा आकार आणि स्पर्धेची पद्धत हे दोन प्रश्न म्हणूनच वेगळे करता येत नाहीत.

'एक गाव एक संघ' आणि गावाबाहेरचे गाव

विभागातील घटक कोणता, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. रायगडात 'एक गाव एक संघ' हा नियम लोकप्रिय आहे. बाहेरचे खेळाडू पैसे देऊन आणण्याच्या प्रथेला त्याने आळा बसला आणि गावाचा संघ खरोखर गावाचा झाला, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु 'गाव' म्हणजे काय? किनाऱ्यावरील एका महसुली गावात बागायतदारांच्या आळ्या असतात, आगरी वस्ती असते, कोळीवाडा असतो, बौद्धवाडी असते आणि डोंगराच्या पायथ्याशी आदिवासीवाडी असते. गट ग्रामपंचायत असेल तर अशी तीन-चार महसुली गावे एकत्र. कबड्डीच्या संघात सात खेळाडू मैदानात व पाच राखीव, म्हणजे बारा नावे. ही बारा नावे मोठ्या वस्तीच्या मंडळाच्या बैठकीत ठरतात. वाडीवरच्या मुलाला कोणी मनाई करीत नाही, त्याला बोलावणेच जात नाही. नियमाच्या शब्दांत भेदभाव नसूनही परिणामात तो उतरतो.

येथे आयर्लंडमधील एक व्यवस्था विचारार्ह वाटते. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचा पाया धर्मग्रामनिहाय क्लब हा आहे, म्हणजे जवळजवळ आपला 'एक गाव एक संघ'च. पण केरी परगण्यात लहान क्लबांचे खेळाडू आपापल्या क्लबकडून खालच्या श्रेणीच्या स्पर्धा खेळतात आणि वरिष्ठ अजिंक्यपदासाठी त्याच परिसरातील लहान क्लबांचा मिळून एक विभागीय संघ उतरतो. लहान क्लब बुडत नाही आणि त्यातील चांगला खेळाडूही अडकून पडत नाही. आपल्याकडे विभागाच्या साखळीत प्रत्येक वाडीला स्वतःचा संघ उतरविण्याची मुभा द्यावी आणि तालुक्याच्या फेरीत विभागाचा एकच निवडक संघ पाठवावा, असे केल्यास हेच साधेल. बारा माणसे जमली की वाडीचा संघ झाला. कबड्डीला याहून अधिक लागत नाही, आणि म्हणूनच या प्रदेशात क्रिकेटच्या लाटेतही ती टिकली आहे.

मुलींच्या संघांची अडचण निराळी आहे. विवाहानंतर खेळाडू माहेरच्या गावाची की सासरच्या, या प्रश्नाचे उत्तर 'एक गाव एक संघ' देत नाही, आणि सराव मात्र माध्यमिक शाळेच्या मैदानावर, तीन-चार गावांतील मुलींनी एकत्र केलेला असतो. मुलींच्या बाबतीत घटक गाव न धरता विभागच धरावा, हे अधिक वास्तव ठरेल.

तथापि जागेची विभागणी कितीही शहाणपणाने केली तरी काळाची विभागणी चुकली तर काही घटक बाहेरच राहतात. रायगडातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आपला स्पर्धांचा हंगाम भातकापणीनंतर सुरू होऊन मे महिन्यात संपतो. दोन्ही कालखंड जवळजवळ तंतोतंत एकमेकांवर बसतात. कातकरीवाडीला स्वतंत्र संघाची मुभा दिली, विभाग जवळचा केला, साखळी लावली, तरी त्या महिन्यांत वाडीवर म्हाताऱ्या माणसांखेरीज कोणी नसते.

वर्षात असा काळ एकच सापडतो, की ज्या वेळी शेतकरी, कोळी आणि कातकरी तिघेही घरी असतात. यांत्रिकी मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि परंपरेने होड्या नारळी पौर्णिमेनंतर लोटल्या जातात. भाताची लावणी जुलैअखेर उरकत येते. लावणी आटोपल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंतचे ते थोडे दिवस सर्वांना मोकळे असतात. त्या दिवसांत स्पर्धा होत नाहीत याचे कारण पाऊस. कबड्डीच्या पुरुष गटाच्या मैदानाला १३ × १० मीटर आणि महिलांच्या मैदानाला १२ × ८ मीटर जागा लागते. जिल्हा क्रीडा संकुल अलिबागजवळ नेहुलीला आहे. श्रावणातल्या पावसात मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्यांवरून तेथे पोहोचून रात्री परतणे शक्य नाही. प्रत्येक विभागात एवढ्या मापाचे एक छप्पर, मग ते समाजमंदिराचे असो, शाळेच्या पडवीला जोडलेले असो वा मासळीबाजाराचे असो, वाडीवरून चालत जाता येईल अशा ठिकाणी मिळाले तर ही स्पर्धा घेता येईल. विभागांच्या सीमा आखताना पहिली खूण या छपरापाशी करावी आणि तेथून तासाभरात पायी किंवा होडीने येऊ शकणाऱ्या वस्त्या एका विभागात घ्याव्यात.