‘ध’चा ‘मा’ आणि सत्ताधाऱ्याचा जाब

पेशवाईतील एकच प्रसंग निवडून त्यावर नाटक रचावयास सांगितले, तर बहुतेक मराठी नाटककार नारायणरावांच्या वधाकडे वळतील, आणि त्यात नवल मानण्याचे कारण नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी अठरा वर्षांच्या पेशव्यांचा खुद्द शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून खून झाला. सख्ख्या चुलत्यावर संशय आला. तोच चुलता सत्ताधीश झाला. आणि त्याच्याच दरबारातील न्यायाधीशाने त्यास देहांत प्रायश्चित्त सांगितले! नाट्यास याहून अधिक काय हवे? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ (1909) आणि प्रभात कंपनीचा ‘रामशास्त्री’ हा बोलपट (1944) या दोन्ही कृती याच प्रसंगाच्या बळावर महाराष्ट्राच्या घराघरांत पोचल्या. या कृतींचे गुण रसिकांस ठाऊक आहेत; ते पुन्हा गाण्याचा आमचा हेतू नाही. सत्ताधाऱ्यास जाब विचारणे म्हणजे काय, याविषयी या परंपरेने आपल्या मनावर जो संस्कार केला, तो कितपत पुरा आहे, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

पहिली गोष्ट ‘ध’ आणि ‘मा’ यांची. राघोबादादांनी गारद्यांस ‘धरावे’ असे लिहून दिले आणि आनंदीबाईंनी त्यात ‘मारावे’ असा बदल केला, ही आख्यायिका शाळकरी मुलासही पाठ असते. इतिहाससंशोधकांनी ती संशयास्पद मानली आहे. परंतु क्षणभर ती खरी धरून चालू. तिने साधते काय? सारे पाप एका अक्षरात गोळा होते, ते अक्षर एका स्त्रीच्या हातचे ठरते, आणि राघोबादादा भोळे, दुबळे, बायकोच्या मुठीतले म्हणून आपल्या करुणेस पात्र होतात. नाटककारास हे सोयीचे आहे. कारण महत्त्वाकांक्षी स्त्री आणि दुबळा पुरुष ही जोडी रंगभूमीवर नेहमीच रंगते. परंतु न्यायाच्या दृष्टीने मूळ प्रश्न येथेच हरवतो. राज्यावर असलेल्या पेशव्यांस भाडोत्री शिपायांकरवी ‘धरण्याचा’ हुकूम देण्याचा अधिकार दादांस कोणी दिला होता? ते स्वतः त्या वेळी वाड्यात नजरकैदेत होते. ‘धरावे’ हाच गुन्हा होता! हत्यारबंद आणि पगारासाठी खवळलेल्या लोकांच्या हाती असा कागद देणाऱ्यास पुढच्या रक्तपाताची जबाबदारी एका अक्षरावर ढकलता येत नाही. अक्षराचा अपराध शोधण्यात गुंतलेला प्रेक्षक अधिकाराचा अपराध विसरतो, हा या आख्यायिकेचा खरा दोष होय.

असाच मोह परदेशातही पडल्याचे दिसते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्यावर 1973 साली चौकशी चालू असता, त्यांच्या कचेरीतील एका ध्वनिफितीतील साडेअठरा मिनिटांचे संभाषण पुसले गेल्याचे उघडकीस आले. ते कोणी पुसले, या कोड्याने तिकडचे लोकही काही काळ भारले गेले. परंतु चौकशी तेथे अडून राहिली नाही. इतर ध्वनिफिती मागविण्यात आल्या. त्या देणे भाग आहे, असा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 24 जुलै 1974 रोजी एकमताने निर्णय दिला. आणि 9 ऑगस्टला अध्यक्षांनी पद सोडले. पुढील महिन्यात नव्या अध्यक्षांनी त्यांस माफी दिली, ती अनेकांस रुचली नाही. तथापि न्यायालयाचा शब्द पाळला गेला, आणि तो पाळला जावा म्हणून कोणास सैन्य उभारावे लागले नाही.

आता दुसरी गोष्ट. आपल्या मनातील रामशास्त्री निकाल देतात, दरबार सोडतात, आणि तेथेच आपले मन तृप्त होते. निःस्पृह पुरुषाची पाठमोरी मूर्ती पाहून आपण टाळ्या पिटतो. त्या मूर्तीचे मोल आम्ही कमी करीत नाही. परंतु निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात काय होते? राघोबादादाच होते, गारदीही होते. ज्या न्यायाधीशाची नेमणूक पेशव्यांनीच करावयाची, त्याने पेशव्यांसच शिक्षा सांगितली, तर ती अमलात कोणी आणावी, याचे उत्तर त्या राज्याच्या घडणीत नव्हते. शास्त्रीबोवांपाशी शब्द होता आणि राजीनामा होता. तिसरे साधन नव्हते. बारभाईंनी तो शब्द उचलला, गंगाबाईंच्या पोटी 1774 च्या एप्रिलमध्ये सवाई माधवराव जन्मले, आणि दादा इंग्रजांच्या आश्रयास गेले.

त्या निकालाची किंमत कोणी मोजली, हे पाहावयाचे असेल तर मळवलीसारखे ठिकाण नाही. स्टेशनाच्या उत्तरेस कार्ल्याची लेणी आहेत, दक्षिणेस भाजे आणि त्यामागे लोहगड व विसापूर. 1779 च्या जानेवारीत, दादांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी निघालेली इंग्रजांची फौज बोरघाट चढून याच मावळात उतरली. दादा बरोबर होते. कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, पडला. शत्रूस दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनी आपलाच मुलूख जाळला, तळेगाव जळाले. इंग्रजांस माघार घ्यावी लागली आणि वडगावास तह करावा लागला. आपण या विजयाचा अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. परंतु ज्याचा जाब एका दालनात पुरा व्हावयाचा, तो तेथे झाला नाही म्हणून मावळच्या कुणब्याची गंजी जळाली, ही गोष्ट कोणत्या नाटकात आहे?

आणि तिसरी गोष्ट याच लोहगडाची. दादांस जाब विचारणाऱ्यांत अग्रणी नाना फडणवीस. परंतु पुढे नानांस जाब विचारणारा कोण होता? बारभाईंतील त्यांचे जोडीदार सखारामबापू बोकील 1779 साली कैदेत पडले आणि 1781 त रायगडावर कैदेतच वारले. बापूंविरुद्ध पुरावा होता, हे आम्ही नाकारीत नाही; परंतु तो पारखणारे त्यांचे प्रतिस्पर्धीच होते. रामशास्त्री 1789 त निवर्तले. त्यानंतर दोनच वर्षांनी पुण्याचा कोतवाल घाशीराम याने अनेक ब्राह्मणांस कोंडून घातले, ते गुदमरून मेले, आणि लोकक्षोभ उसळताच घाशीराम जमावाच्या हवाली झाला. दगडांनी त्याचा निकाल लावला! ज्यांच्या कारभारात तो वर्षानुवर्षे कोतवाली करीत होता, त्यांस एक प्रश्नही विचारला गेला नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने (1972) नेमके हेच वर्म पकडले. नानांचे चित्र विकृत आहे, हा आक्षेप इतिहासाच्या दृष्टीने पुष्कळ अंशी खरा आहे, असे आमचेही मत आहे. परंतु हाताखालच्या माणसाचा बळी देऊन वरचा मोकळा कसा सुटतो, हे त्या नाटकाने दाखविले, तसे त्यापूर्वीच्या आमच्या ऐतिहासिक नाटकांनी क्वचितच दाखविले असेल.

लोहगडावर नानांचा खजिना असे, आणि किल्लेदार धोंडोपंत नित्सुरे त्यांच्या खास विश्वासातले. नानांच्या पश्चात त्यांची अल्पवयी पत्नी जिऊबाई याच गडाच्या आश्रयास आली. ज्या मुत्सद्द्याने राज्य सावरले, त्यास आपल्या माणसांच्या रक्षणासाठी राज्याच्या न्यायापेक्षा एक कडा आणि एक इमानी किल्लेदार अधिक भरवशाचे वाटले, यातच सारे आले.

सारांश, रामशास्त्र्यांची पूजा आपण अवश्य करावी. परंतु तेवढ्यावर थांबू नये. एक निर्भय पुरुष उभा राहिला म्हणजे सत्तेचा जाब घेतला गेला, अशी आपली समजूत या सुंदर कृतींनी करून दिली आहे. म्हणून प्रत्येक संकटात आपण नव्या रामशास्त्र्यांची वाट पाहतो, आणि ते न आले तर देवास बोल लावतो. परंतु निकालानंतर त्याची अंमलबजावणी कोणी करावयाची, आणि जाब विचारणाऱ्यास उद्या जाब कोणी विचारावयाचा, हे दोन प्रश्न विचारणारे नाटक मराठीत अद्याप लिहावयाचे आहे. त्याचा पहिला अंक शनिवारवाड्यात घडला तरी चालेल. शेवटचा मात्र मावळातील एखाद्या जळलेल्या खळ्यावर घडावा, असे आम्हांस वाटते.