गुह्य, ग्राहक आणि वाचनमंडळ

१

अध्यात्मग्रंथांच्या, त्यांतही ज्यांना आपण 'गूढ' म्हणतो अशा ग्रंथांच्या सामूहिक वाचनाला मराठीत दीर्घ परंपरा आहे. पारायण, सप्ताह, निरूपण, प्रवचन ही तिचीच रूपे होत. परंतु वाङ्मयसमीक्षेने या परंपरेचा विचार क्वचितच केला. ग्रंथ समीक्षेने स्वतःकडे ठेवला आणि त्याभोवती जमणारी माणसे समाजशास्त्राच्या स्वाधीन केली. या वाटणीमुळे एक महत्त्वाचा प्रश्न दोन्हींकडे अनुत्तरित राहिला: जो ग्रंथ आपला अर्थ सर्वांना देऊ इच्छित नाही, तो सर्वांनी मिळून वाचणे म्हणजे नेमके काय करणे?

२०२० च्या टाळेबंदीनंतर या प्रश्नाला नवी निकड आली आहे. भ्रमणध्वनीच्या अथवा संगणकाच्या पडद्यावर ठरलेल्या वेळी भरणारी वाचनमंडळे आता सर्वांच्या परिचयाची आहेत. अमृतानुभव, योगवासिष्ठ किंवा एखादा तंत्रग्रंथ निवडावा, परगावच्या आणि परदेशातल्या दहाबारा परिचितांना कळवावे, आणि मंडळ सुरू व्हावे, इतके हे सोपे झाले आहे. पण मंडळ स्थापन करणे सुकर झाले म्हणून त्यामागची अडचण नाहीशी झाली असे नाही.

ही अडचण 'उपनिषद' या शब्दातच आहे. परंपरागत व्युत्पत्तीप्रमाणे त्यात 'जवळ बसणे' अभिप्रेत आहे आणि 'रहस्य' हा त्याचा एक रूढ पर्याय आहे. जो शांत नाही, जो पुत्र अथवा शिष्य नाही, त्याला हे देऊ नये, असे श्वेताश्वतर उपनिषदाच्या शेवटी सांगितले आहे. म्हणजे सान्निध्य आणि निवड या गुह्यविद्येच्या दोन अटी होत. दूरस्थ वाचनमंडळात त्या दोन्ही मोडतात. तिथे कोणी कोणाच्या जवळ बसलेले नसते, आणि येणाऱ्याची पारख करण्याचा अधिकार कोणालाच नसतो. अशा स्थितीत वाचला जाणारा ग्रंथ तोच राहतो काय?

२

या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाबाहेर शोधण्याची आवश्यकता नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस परस्परविरोधी वाटणारी दोन विधाने शेजारी शेजारी येतात. ६७ व्या श्लोकात तपोहीन, भक्तिहीन, ऐकण्याची इच्छा नसलेल्या आणि असूया बाळगणाऱ्या माणसाला हे सांगू नये असा निषेध आहे. लगेच ६८ व्या श्लोकात, जो हे परम गुह्य भक्तांमध्ये सांगेल तो परमेश्वरालाच प्राप्त होईल असे आश्वासन आहे. एका श्लोकाने दार लावले आहे आणि दुसऱ्याने ते उघडणाऱ्याची प्रशंसा केली आहे.

यापुढची गोष्ट अधिक लक्षणीय आहे. हा संवाद आपल्यापर्यंत कृष्णार्जुनांकडून थेट येत नाही, तो संजयाकडून येतो. संजय रथात नव्हता. व्यासांच्या कृपेने आपण हे गुह्य ऐकले, असे तो ७५ व्या श्लोकात सांगतो. गीतेच्या अंतर्गत रचनेतच एक दूरस्थ श्रोता आहे, आणि त्याचे दूर असणे त्याच्या रोमांचाच्या आड येत नाही. याउलट ज्याच्या शेजारी बसून संजय हे सारे कथन करतो, त्या धृतराष्ट्राचे काय? निषेधाच्या कसोट्या लावून पाहता तो या उपदेशाचा अधिकारी ठरणे कठीण आहे. पहिल्या श्लोकात त्याने प्रश्न विचारला, आणि त्यानंतर संपूर्ण गीतेत तो एक शब्दही बोलत नाही. जे घडले ते त्याच्या कानांवरून गेले.

याचा अर्थ असा की अनुग्रहित दूरस्थ श्रोता आणि अपयशी निकटचा श्रोता या दोघांनाही संहितेने आपल्यातच स्थान दिले आहे. सान्निध्य ही अधिकाराची हमी नव्हे, हे गीतेने संजय आणि धृतराष्ट्र यांना एकत्र बसवून दाखवले आहे. दूरस्थ वाचनावरचा पहिला आक्षेप येथे बराचसा निस्तेज होतो. दुसरा, म्हणजे निवडीचा, मात्र शिल्लक राहतो.

३

निवडीच्या प्रश्नाला मराठीने आपल्या आरंभकाळीच दोन भिन्न उत्तरे दिली.

पहिले उत्तर ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे. गीतेच्या मूळ श्लोकांत आसन, शरीराची स्थिरता, दृष्टी इतकेच येते. कुंडलिनीचा त्यांत उल्लेख नाही. ज्ञानेश्वर तेथे कुंडलिनीच्या जागृतीचे विस्तृत वर्णन घालतात, आणि हे नाथपंथाचे मर्म असल्याचे स्वतःच सूचित करतात. त्यानंतर ते जी प्रतिमा योजतात ती मंदिरातली वा आश्रमातली नसून बाजारपेठेतली आहे. समोरचे श्रोते खरे ग्राहक आहेत हे ओळखून आपण मालाचे गाठोडे सोडले आणि घडी झटकून पसरून दाखवली, असा तिचा आशय. गुह्य उघड करण्याचे समर्थन येथे ऐकणाऱ्याच्या जन्मावर अथवा दीक्षेवर उभे केलेले नाही. ते त्याच्या मागणीवर उभे केले आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ही मागणी अधिक नेमकी होते. तिथे श्रोत्यांकडून एकच गोष्ट मागितली आहे: अवधान. १२९० मध्ये नेवाशास सिद्ध झालेल्या या ग्रंथाने अधिकाराच्या जागी अवधान आणले, हे त्याचे वाङ्मयीन क्रांतिकारकत्व होय. ते भाषेच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरे उत्तर महानुभावांचे. चक्रधरांनी मराठीतूनच उपदेश केला, म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा जमवल्या, केसोबासांनी त्यांतून सूत्रे वेगळी काढली. पण चौदाव्या शतकापासून हे वाङ्मय सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाडे, भावे आदी संशोधकांनी या लिप्या उलगडल्या, तेव्हा ते पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला दिसले. आपण त्याचे स्वागत कसे केले? 'लीळाचरित्र' हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ ठरला. त्याची बोली, त्यातील यादवकालीन लोकजीवन, त्याचे चरित्रात्मक रूप यांची चिकित्सा झाली, आणि ती आवश्यकच होती. परंतु ज्या समुदायाने तो ग्रंथ जतन केला त्या समुदायाची वाचनपद्धती मात्र पाठ्यपुस्तकांत आली नाही.

ती पद्धती विलक्षण आहे. मूळ प्रत नष्ट झाल्यावर अनुयायांनी स्मरणातून लीळा पुन्हा जुळवल्या, आणि स्मरणे वेगळी पडली तिथे एकच पाठ लादण्याऐवजी निरनिराळ्या 'वासना' म्हणून ती नोंदवली. सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये, म्हणून 'प्रकरणवश' सिद्ध झाला. संहितेची अनेकता मान्य करणे आणि संदर्भाशिवाय अर्थ न करणे ही आधुनिक पाठचिकित्सेची दोन तत्त्वे एका बंदिस्त पंथाने स्वतःच्या गरजेतून घडवली होती. लिपी बंद होती, पण आतले वाचन आंधळे नव्हते. आपण लिपी उघडली आणि वाचन मागे ठेवले.

४

पाश्चात्त्य सिद्धान्तविचारात या प्रश्नाचे दोन पैलू हाताळले गेले आहेत. स्टॅन्ली फिश यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात अर्थाचे स्थान संहितेतून काढून 'अन्वयार्थक समुदाया'त ठेवले. वाचक ज्या समुदायाच्या गृहीतांतून वाचतो ती गृहीतेच संहितेला आकार देतात, असा त्यांचा पक्ष आहे. त्याआधी १९७९ मध्ये फ्रँक कर्मोड यांनी मार्कच्या शुभवर्तमानाचा विचार करताना आतले आणि बाहेरचे या भेदाची चिकित्सा केली. दृष्टान्त बाहेरच्यांना कळू नयेत म्हणून सांगितले जातात, पण त्या कथनात आतले शिष्यही वारंवार चुकतात. आत असल्याची खात्री हा कदाचित बाहेर असण्याचाच अधिक गुंतागुंतीचा प्रकार असावा, असे त्यांच्या विवेचनातून सूचित होते.

गूढग्रंथाच्या बाबतीत फिश यांचा सिद्धान्त अपुरा पडतो असे मला वाटते. गूढग्रंथ आपल्या समुदायाला पूर्णपणे वश होत नाही. समुदायाने लावलेल्या अर्थापलीकडे काहीतरी आहे, असा त्याचा सततचा आग्रह असतो. कर्मोड यांची जाण येथे अधिक उपयुक्त आहे, कारण ती समुदायाच्या आत्मविश्वासालाच प्रश्न करते.

या संदर्भात अभिनवगुप्ताचे स्मरण अपरिहार्य आहे. सहृदयाची संकल्पना ज्याने सर्वाधिक सूक्ष्मतेने मांडली तोच तंत्रालोकाचाही कर्ता आहे. त्या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या आह्निकात तो म्हणतो की, गीतनृत्यादी पाहताना सर्व प्रेक्षक तन्मय झाले तर प्रत्येकाची संवित् इतरांच्या संवित्तीत प्रतिबिंबित होऊन विस्तारते, पण त्यांत एखादा तन्मय न होणारा असला तर तिचा संकोच होतो. म्हणून अशाला प्रवेश देऊ नये. सामूहिक आस्वादाचे इतके नेमके वर्णन दुर्मीळ आहे. तरीही त्याचा निष्कर्ष वाचनमंडळाला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तन्मयता हे पूजेचे आणि नाट्याचे साध्य आहे. ग्रंथवाचनात मात्र न समजणारा, अडणारा, पुन्हा विचारणारा वाचक संकोचाचे कारण असतोच असे नाही. पुष्कळदा अर्थाला वाट करून देणारा तोच असतो.

याचे एक ऐतिहासिक उदाहरण पाहण्याजोगे आहे. हेलेना ब्लाव्हाट्स्की यांचा 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' हा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षी, जानेवारी ते जून १८८९ या काळात, लंडनच्या ब्लाव्हाट्स्की लॉजमध्ये दर आठवड्याला त्यातील श्लोकांवर प्रश्नोत्तरे झाली. लघुलेखकांनी ती टिपून घेतली. १८९०–९१ मध्ये त्यांचे संपादित रूप निघाले आणि २०१० मध्ये उपलब्ध टिपणे सविस्तर प्रसिद्ध झाली. ज्या प्राचीन पोथीवर आपण भाष्य करतो असे लेखिका म्हणतात, ती पोथी कोणालाही पाहावयास मिळालेली नाही. म्हणून ग्रंथाच्या प्रामाण्याविषयी साशंक राहणे युक्तच आहे. पण वाचनव्यवहार म्हणून ही बैठक महत्त्वाची ठरते. लेखिका स्वतः समोर असूनही सभासद शब्दाशब्दावर तिला अडवतात. लेखिकेची उपस्थिती हे त्या मंडळाचे बळ होते आणि तीच त्याची मर्यादाही होती, कारण अखेरचा शब्द तिचाच राहिला. संहितेने काय म्हटले याऐवजी लेखिकेला काय ठाऊक आहे, हाच शेवटी प्रश्न होऊन बसला.

५

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सामूहिक वाचनाची आपल्याकडील दोन प्रमुख रूपे म्हणजे पारायण आणि प्रवचन. पारायणात सर्व वाचतात आणि कोणी विचारत नाही. प्रवचनात एक जण अर्थ सांगतो आणि इतर ऐकतात. पहिल्यात ग्रंथाचा ध्वनी टिकतो, दुसऱ्यात अर्थाची परंपरा टिकते. दोन्हींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु 'हे मला कळले नाही' असे म्हणण्याची जागा दोन्हींत नाही. ती जागा निर्माण करणे हेच नव्या वाचनमंडळाचे प्रयोजन असू शकते.

त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतील. पाठ कोणता हे प्रथम ठरले पाहिजे. १९०९ ची राजवाडे प्रत आणि साखरे प्रत समोर ठेवून दोघे जण ज्ञानेश्वरी वाचू लागले की ओव्यांचे क्रमांकच नव्हे तर शब्दही वेगळे पडतात. हा गोंधळ मिटवून टाकू नये. महानुभावांच्या 'वासनां'प्रमाणे तो नोंदवावा आणि वाचनाचा भाग करावा. गती मंद असावी, एका बैठकीत दहा ओव्या झाल्या तरी पुरे. मूळ मोठ्याने वाचले जावे, कारण ओवी कानासाठी आहे. अर्थ सांगणाऱ्याची पाळी बदलत राहावी. आणि साधक व अभ्यासक यांनी आपापले ज्ञान परस्परांवर लादू नये. 'हे अनुभवावाचून कळत नाही' हे वाक्य चर्चा बंद करण्यासाठी वापरले तर ती सत्ता होते. 'ही तर केवळ प्रतिमा आहे' हे वाक्यही त्याच रीतीने वापरले जाते. कुंडलिनीच्या वर्णनाचे मराठी समीक्षेत हेच झाले. भाविकाने त्याला साधनेची कृती मानले आणि रसिकाने कल्पनाविलास. दोघांनीही त्या ओव्या वाचण्याचे टाळले.

यावर असा आक्षेप येईल की अशा मंडळात मुक्ती मिळणार नाही. तो मान्य आहे. श्रवण, मनन आणि निदिध्यासन यांपैकी मंडळ फार तर पहिल्या दोहोंना साहाय्य करू शकेल. तिसरे ज्याचे त्याने करावयाचे असते. पण पहिल्या दोहोंवाचून तिसऱ्याचा दावा करणाऱ्यांची संख्या आज लहान नाही, आणि ग्रंथाच्या नावाने ग्रंथाविरुद्ध बोलणाऱ्यांना रोखण्याचे दुसरे साधन आपल्यापाशी नाही. वाचणारे समुदाय क्षीण होतात तेव्हा गुह्य ग्रंथ नष्ट होत नाहीत. ते त्यांच्या नावाने व्यापार करणाऱ्यांच्या हाती जातात. ज्ञानेश्वरांचा 'ग्राहक' आणि आजचा ग्राहक यांतील अंतर हेच आहे: एकाकडून अवधान मागितले जात होते, दुसऱ्याकडून फक्त मूल्य. पडद्यासमोर बसलेल्या माणसापाशी अवधानाचीच टंचाई असते. म्हणून दूरस्थ मंडळाची खरी कसोटी अंतर ही नसून अवधान ही आहे.

चांगदेवांनी ज्ञानेश्वरादी भावंडांना कोरे पत्र पाठवल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. भावंडांनी ते एकत्र पाहिले. मुक्ताबाईने त्यात चांगदेवांचे कोरेपण वाचले. निवृत्तिनाथांना त्यात उत्तर देण्याजोगा प्रश्न दिसला, आणि त्यांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. एकाच कोऱ्या कागदाची तीन वाचने झाली, आणि त्यांतले एकही दुसऱ्याने खोडले नाही. इतिहास म्हणून या कथेचे मूल्य काहीही असो, गूढ संहितेच्या सामूहिक वाचनाची इतकी पूर्ण कल्पना मराठीत अन्यत्र आढळत नाही. पत्र दुरून आले होते, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.