गदिमांच्या कवितेतील बालगंधर्व

ग. दि. माडगूळकर हे १९७३ साली यवतमाळ येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. गीतकार म्हणून घरोघरी पोहोचलेल्या कवीचा तो उचित गौरव होय. परंतु अशा कवीची रचना बहुधा म्हटली जाते, वाचली जात नाही. बालगंधर्वांवरील त्यांच्या दोन सुप्रसिद्ध कडव्यांचे असेच झाले आहे.

भुजंगप्रयाताच्या डौलदार चालीत पहिले कडवे सांगते की, ताऱ्याचे तेज वा मोराचा पिसारा यांप्रमाणे या नटाचे गाणे उपजत होते. दुसऱ्यात रूपाचे आणि कुलीन हास्याचे वर्णन येते. येथे कलावंत हा केवळ देणगीचा धनी ठरतो. साधना, झीज आणि वार्धक्य यांना या कडव्यांत जागाच नाही.

वस्तुतः बालगंधर्वांना (१८८८-१९६७) ही झीज पुरेपूर भोगावी लागली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिकांत त्यांचे चालणे, वळणे, पदर सावरणे हे गाण्याइतकेच बोलके असे. उतारवयात पायांतील बळ गेले आणि अभिनयाचे हे अंग कायमचे हरपले. तरीही बसल्या जागेवरून ते भजने गात राहिले. स्वर पूर्वीचा नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. पण रूपावाचून, चालीवाचून, शालूवाचून केवळ गळ्यावर रस उभा करणे ही त्यांना नव्याने कमवावी लागलेली विद्या होती. मोराचा पिसारा झडतो आणि पुन्हा येतो; त्यामुळे ती उपमा या उत्तरायुष्याला पुरत नाही. 'नटसम्राट'मधील (१९७०) बेलवलकर गेलेल्या भूमिकांकडे वळून वळून पाहतो. बालगंधर्व भजनाकडे वळले, हा भेद लहान नाही.

मात्र कडव्यांचा क्रम लक्षपूर्वक पाहिला तर एक गोष्ट दिसते. कवी प्रथम कंठ सांगतो, मागाहून रूप आणि हास्य सांगतो, व पुन्हा गाण्याकडेच परततो. रूप दोन्ही बाजूंनी स्वराने वेढलेले आहे. वार्धक्याने नेले ते मधले. राहिले ते कडेचे. हा कवीचा हेतू होता असे मानण्यास आधार नाही. तथापि असा नट पुन्हा होणे नाही, हे ध्रुवपद तरुण भामिनीपेक्षा आसनस्थ वृद्ध गायकालाच अधिक लागू पडते.