ज्युरासिक वर्ल्ड : पिसे नाकारणारा चित्रपट

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ज्युरासिक पार्क' १९९३ साली अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी हिंदी ध्वनिमुद्रणासह भारतात प्रदर्शित झाला. तेव्हा शाळेत असलेल्या आमच्या पिढीतल्या अनेकांना जीवाश्म आणि डीएनए हे शब्द पाठ्यपुस्तकाच्या आधी या चित्रपटाने दिले. १९९७ आणि २००१ साली त्याचे पुढचे भाग आले. त्यानंतर १४ वर्षांनी, २०१५ साली, 'ज्युरासिक वर्ल्ड' आला. त्याने जगभरात दीडशे कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. आमची मात्र त्याने घोर निराशा केली. ही निराशा केवळ 'जुने ते सोने' या जातीची असती, तर ती या मासिकात मांडण्याचे कारण नव्हते. पण तिचे मूळ विज्ञान शिकवणाऱ्यांच्या कामाशी निगडित आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट मान्य करायला हवी. पहिल्या चित्रपटात चुका होत्या, आणि त्या लहानसहान नव्हत्या. त्यातला व्हेलोसिरॅप्टर माणसाएवढा उंच आहे. मंगोलियात सापडलेला खरा व्हेलोसिरॅप्टर साधारण टर्की कोंबड्याएवढा, पंधरा-वीस किलो वजनाचा होता. डायलोफोसॉरसच्या मानेभोवतीची झालर आणि त्याचे विष थुंकणे या दोन्ही गोष्टी कल्पित आहेत. स्थिर उभा राहिलेला माणूस टायरॅनोसॉरसला दिसत नाही, या कल्पनेलाही पुरावा नाही. अंबरमध्ये अडकलेल्या डासाच्या पोटातून डायनोसॉरचा डीएनए मिळवणे हा तर कथेचा पायाच अशक्य कोटीतला आहे. डीएनएचा रेणू काळाबरोबर तुटत जातो. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा आहे. तो ग्रीनलंडमधल्या गाळातून मिळवल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. डायनोसॉर नष्ट झाले ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी!

तरीही त्या चित्रपटाविषयीचा आमचा आदर कमी होत नाही, कारण त्याच्या मुख्य चुका त्या काळच्या होत्या. व्हेलोसिरॅप्टरचेच पाहा. डायनोनिकस हा त्याचा मोठा नातलग. १९८८ साली एका अभ्यासकाने आपल्या पुस्तकात डायनोनिकसचा समावेश व्हेलोसिरॅप्टरच्याच वंशात केला होता, आणि मूळ कादंबरीचे लेखक मायकेल क्रायटन यांनी तेच वर्गीकरण उचलले. अंबरचेही तसेच. १२ कोटी वर्षांहून जुन्या अंबरमधल्या सोंडकिड्याचा डीएनए मिळाल्याचा दावा 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला तो १० जून १९९३ रोजी, म्हणजे चित्रपट झळकण्याच्या आदल्याच दिवशी. पुढे इतरांना तसे निष्कर्ष मिळाले नाहीत आणि असे दावे मागे पडले. पण १९९३ साली तो प्रश्न खुला होता.

शिवाय तो चित्रपट तेव्हाच्या ताज्या विचाराबरोबर चालत होता. पक्षी डायनोसॉरपासून उत्क्रांत झाले, ही कल्पना जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकसच्या अभ्यासातून नव्याने मांडली होती. सर्वसामान्य प्रेक्षकाला मात्र डायनोसॉर म्हणजे अवाढव्य, सुस्त सरडा एवढेच माहीत होते. सुरुवातीच्या चाचणी दृश्यांत व्हेलोसिरॅप्टर सापासारखी जीभ बाहेर काढत असे. सल्लागार जॅक हॉर्नर यांनी आक्षेप घेतल्यावर ती जीभ काढून टाकण्यात आली. आणि शेवट आठवून पाहा. हेलिकॉप्टरच्या खिडकीतून डॉ. ग्रँट समुद्रावरून उडणारे पेलिकन पाहतात. दोन तासांच्या थरारानंतर दिग्दर्शकाने प्रेक्षकाचे लक्ष नेले ते पक्ष्यांकडे. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून चांगला शेवट कोणता हवा?

त्यानंतरच्या काळात या विचाराला एकापाठोपाठ एक पुरावे मिळत गेले. १९९६ साली चीनच्या लिआवनिंग प्रांतातून सायनोसॉरॉप्टेरिक्स पुढे आला. त्याच्या अंगावर तंतूंसारखी आद्य पिसे होती. २००७ साली खुद्द व्हेलोसिरॅप्टरच्या पुढच्या पायाच्या हाडावर ठरावीक अंतराने असलेले सहा उंचवटे आढळले. आजच्या अनेक पक्ष्यांत मोठी पिसे जिथे हाडाला घट्ट जोडलेली असतात, तिथे असेच उंचवटे असतात. २०१० साली पिसांमधल्या रंगकणांच्या आकारावरून सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे असल्याचे अनुमान काढण्यात आले. २०१२ साली सुमारे नऊ मीटर लांबीच्या यूटायरॅनसच्या जीवाश्मांवरही पिसे दिसली. ज्या प्राण्याचा रंग कधीच कळणार नाही असे वाटत होते, त्याच्या शेपटीचे पट्टे आपल्याला कळले! चित्रपटासाठी यापेक्षा मोठे घबाड ते कोणते?

'ज्युरासिक वर्ल्ड'ने ते घबाड दारातूनच परत पाठवले. पिसे असणार नाहीत, असे दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्हॉरो यांनी २०१३ सालीच जाहीर केले होते. २०१५ सालचा व्हेलोसिरॅप्टर १९९३ सालासारखाच उघड्या कातडीचा आणि माणसाएवढा उंच राहिला. २००१ सालच्या भागात त्याच्या डोक्यावर निदान चार पिसे तरी आली होती, तीही गेली. पहिल्या चित्रपटाला जे ठाऊक नव्हते ते या चित्रपटाला ठाऊक होते, आणि तरी ते नको होते. चूक आणि नकार यांत हाच फरक आहे.

यावर चित्रपटाने एक पळवाट ठेवली आहे. डॉ. वू म्हणतात, की उद्यानातले प्राणी नैसर्गिक नाहीतच, त्यांच्या डीएनएतल्या फटी दुसऱ्या प्राण्यांच्या डीएनएने भरल्या आहेत, आणि तसे केले नसते तर अनेक प्राणी वेगळे दिसले असते. युक्तिवाद चतुर आहे. पण जे स्पष्टीकरण कोणत्याही चुकीला चालते, ते काहीच स्पष्ट करत नाही. फसलेली कल्पना वाचवण्यासाठी मागाहून जोडलेली अशी ठिगळे आपण वर्गात ओळखायला शिकवतो.

न्यायाने बोलायचे तर सर्वच डायनोसॉरना पिसे नव्हती. टायरॅनोसॉरसच्या कातडीचे जे ठसे २०१७ साली वर्णिले गेले, त्यांत खवले दिसतात. म्हणजे त्याचे उघडे अंग बरेचसे बरोबर ठरले. पण ते पुराव्यामागे जाऊन मिळालेले यश नव्हे.

खरी खंत पुढेच आहे. या चित्रपटाच्या कथेत साध्या डायनोसॉरना कंटाळलेल्या गर्दीसाठी उद्यानाचे चालक एक नवा, मोठा, अधिक दातांचा संकरित प्राणी घडवतात आणि अनर्थ ओढवतो. कथा ज्याची टिंगल करते, तेच चित्रपट स्वतः करतो. फरक इतकाच, की त्याने विकायला काढलेला माल म्हणजे आमचे बालपण आहे. त्यामुळे १९९३ सालच्या चित्रात बदल करण्याची त्याला भीती वाटते. विज्ञानात जुने चित्र नव्या पुराव्यापुढे बाजूला होते. इथे पुरावाच आठवणीपुढे बाजूला झाला.

पहिल्या चित्रपटात डायनोसॉर जेमतेम १५ मिनिटे दिसतात. उरलेल्या वेळात माणसे खोदतात, शंका घेतात, वाद घालतात. आजारी ट्रायसेराटॉप्सने काय खाल्ले हे शोधण्यासाठी डॉ. सॅटलर शेणाच्या ढिगात हात घालतात. 'ज्युरासिक वर्ल्ड'च्या मुख्य पात्रांत एकही पुराजीवशास्त्रज्ञ नाही. त्यांच्या जागी एक व्यवस्थापिका आणि एक प्राणी-प्रशिक्षक आहे.

त्या शेणाच्या ढिगाला आपल्याकडेही एक जोड आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा येथे डायनोसॉरच्या शेणाचे जीवाश्म सापडतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण मिळाले, आणि डायनोसॉरच्या काळात गवताच्या अनेक जाती अस्तित्वात होत्या हे २००५ साली उजेडात आले. गवताचा विस्तार डायनोसॉरनंतरचा, हा तोवरचा समज त्यामुळे बदलावा लागला. एवढे नाट्य एका शेणाच्या खड्यात असते, हे पहिल्या चित्रपटाला कळले होते.

या मालिकेत २०२५ पर्यंत सात चित्रपट झाले. २०२२ सालच्या भागात पिसांचा पायरोरॅप्टर आला खरा, पण नायकाचे व्हेलोसिरॅप्टर उघडेच राहिले. विद्यार्थी हे चित्रपट पाहणारच, आणि पाहावेत. शिक्षकांनी १९९३ आणि २०१५ सालचा व्हेलोसिरॅप्टर शेजारी शेजारी मांडावा, सोबत २००७ सालच्या त्या हाडाचे चित्र ठेवावे, आणि मुलांना एकच प्रश्न विचारावा : या दोघांपैकी कोणाला माफ कराल, आणि का? मग त्यांना आवारातल्या कोंबडीचे पाय नीट न्याहाळायला सांगावे. डायनोसॉरचा पुढचा भाग तिथे चालूच आहे, पिसांसह.