केचप मागू नका

पुण्यात ‘गूर्मे बर्गर’ मागवला की लाकडी पाटीवर एक मनोरा येतो. मधोमध काडी खुपसलेली. ट्रफल मेयो, अंजिराचा जॅम, परतलेला कांदा. आतली पॅटी कशाची होती, हे बिल बघून आठवायचं. पगारातून बरेच खाल्लेत, म्हणून बोलतोय.

प्रोजेक्टसाठी अमेरिकेत होतो तेव्हा न्यू हेवनच्या ‘लुईज लंच’मध्ये गेलो. विटांची बुटकी खोली, १८९५पासून एकाच कुटुंबाचा धंदा. ताजा बीफ खिमा, १८९८च्या सुमाराच्या बिडाच्या शेगड्या. त्यात पॅटी उभी ठेवून दोन्ही बाजूंनी एकदम भाजतात. बन नाही, टोस्ट. वर चीज, टोमॅटो, कांदा. केचप नाहीच. पहिला हॅम्बर्गर १९०० साली आम्हीच केला, असं ते म्हणतात. असं म्हणणारे अजूनही आहेत.

बीफ मी पहिल्यांदाच खात होतो. सॉसचा थर असता तर सोपं गेलं असतं, खरं सांगतो. इथे पहिल्या घासालाच आधी करपट कड, मग रस, मग कच्च्या कांद्याचा झटका. आपण काय खातोय, हे विसरायची सोयच नाही. मला गूर्मे म्हणायचं तर हेच म्हणेन. (फोटो काढत बसलो, तेवढ्यात टोस्ट मऊ पडला. चूक माझी.)

रात्री आईचा फोन आला.

“जेवलास का रे?”

“हो. टोस्ट सँडविच.”

“नुसतंच?”

“कांदा-टोमॅटो होता.”