छत्तीस फुटी संसार

१९५४ सालच्या 'द लाँग, लाँग ट्रेलर' या चित्रपटात नवरा-बायकोचं सगळ्यांत मोठं भांडण दगडांवरून होतं. लग्न होताच टेसी आणि निकी मोटारीमागं ३६ फुटांचं पिवळं घर जोडून प्रवासाला निघतात. वाटेतल्या मुक्कामांची आठवण म्हणून टेसी दगड गोळा करते, वर फळं मुरवून बरण्या भरते. पुढं सिएरा नेवाडाची चढण आहे, तेव्हा दगड टाकून दे, असं निकी बजावतो. ती हो म्हणते आणि दगड घरातच लपवून ठेवते.

दिग्दर्शक विन्सेंटे मिनेलीनं हा चढणीचा प्रवेश कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळच्या खऱ्या घाटरस्त्यावर चित्रित केला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. पुढच्या सीटवर टेसी झालेली ल्युसिल बॉल आणि निकी झालेला देसी आर्नाझ अखंड बडबडतायत. विषय कुठलाही चालतो, कारण कुणीच कुणाचं ऐकत नाही; गप्प बसलं तर भीती ऐकू येईल. मागं घरात दगड गडगडतायत. प्रेक्षकाला दोन्ही ठाऊक आहे, निकीला एकच. हशा पिकतो तो या फरकातून.

आणि या प्रसंगाचं गणित चोख आहे. मागं ओझं वाढलं की बैलगाडी उलाळते, जू वर उचललं जातं, ट्रेलरचंही तेच. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे मोटार आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, यावा लागतो. तो कमी पडला की ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडं झुलू लागतो, वेगाबरोबर झोके वाढतात. जास्त झाला तर मोटारीचा मागचा भाग दबतो आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. आजच्या हिचला लावलेले पोलादी स्प्रिंग-दांडे हा भार पुढच्या चाकांकडंही वळवतात, घर्षणावर चालणारा दांडा झोके आवरतो. पण सामान चुकीचं भरलेलं असेल तर कुठलाही दांडा त्याची भरपाई करत नाही. निकीनं कितीही महाग हिच बसवली असती, तरी त्याला ठाऊकच नसलेल्या दगडांचा हिशेब ती कशी करणार?

सुरुवातीला निकीला जाणकारांकडून धडा मिळतो: आधी ट्रेलरचा ब्रेक. तो वेड्यासारखा तेच घोकतो आणि आपण हसतो. सल्ला मात्र खरा. ट्रेलर झुलू लागला की अॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि मोटारीचा ब्रेक न दाबता फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं लावायचा. म्हणजे मागचं धूड ताणलं जाऊन रेषेत येतं. घाबरून मोटारीचा ब्रेक दाबला तर तेच धूड मागून ढकलतं.

एक तक्रार आहे. मिनेली सगळी भीती चढणीवर खर्च करतो. ट्रेलर ओढणाऱ्याला विचाराल तर तो उताराचं नाव घेईल. चढताना हिच ताणलेली असते, उतरताना वजन मागून पुढं रेटतं. पण विनोदाला चढणच हवी होती, कारण दगड गडगडत मागं जातात ते चढावरच, आणि मागं गेलेलं ओझं हेच सर्वांत वाईट.

माथ्यावर पोचल्यावर निकी दार उघडतो, दगड पाहतो आणि ते बाहेर भिरकावू लागतो. ट्रेलर आता हलका होतोय, आणि टेसी मात्र एकेका दगडागणिक आणखी चिडते.