रेवामाई आमच्या स्वयंपाकघरात

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून धाकट्या दिरांच्या कॅसेटींचा डबा निघाला. त्यात ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडची ‘कंदीसा’ होती, 2000 सालची. रॉक म्हटलं की आमच्याकडे कानावर हात, मीही त्यातलीच. पण टेप अजून चालतो, म्हणून दुपारी मूग निवडताना लावली. मग रोजच लावू लागले.

त्यांची 1993ची पहिली कॅसेटही डब्यात होती. तिच्यात वाद्यंच जास्त बोलतात, सुस्मित सेन यांची गिटार तर निवांत फिरायला निघाल्यासारखी. ‘कंदीसा’त गळा पुढे आला आणि गिटारीचा तो ऐसपैसपणा थोडा गेला. मला त्याची चुटपुट लागली, खोटं कशाला बोलू? पण मिळालं ते जास्त. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गात. हात आणि गळा एकाच माणसाचे, त्यामुळे तालाला गाण्यामागे धावावं लागत नाही.

शीर्षकगीत म्हणजे सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. एक अक्षर कळत नाही. पण बायांनो, प्रतिक्रमणातली प्राकृत सूत्रं तरी आपल्यातल्या किती जणींना शब्दशः कळतात? आजीच्या मांडीवर ऐकली, पाठ झाली. अर्थ मागाहून आला, कुणाला आलाच नाही. ‘हिल्ले ले’ हे गोरख पांडे यांचं भोजपुरी गाणं मात्र मला नुसतं जोराचं वाटलं.

खरी अडकले ‘माँ रेवा’पाशी. नर्मदाकाठचं लोकगीत. ते गाणारे राहुल राम अमेरिकेतून डॉक्टरेट करून आले आणि काही वर्षं नर्मदा बचाओ आंदोलनात राहिले. माझं माहेर नंदुरबार. अक्कलकुव्याकडचं मणिबेली पाण्याखाली गेल्याचं मी दुकानाच्या ओट्यावर ऐकलेलं. सासर सुरत; इथे सरदार सरोवर म्हणजे गुजरातची जीवादोरी. जेवताना हा विषय निघाला की ताटं लवकर उचलली जातात. आमच्या नळाला तर तापीचं पाणी, उकाईचं. त्याचाही फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात शिरलाय, तिथल्याही गावांनी घरं सोडलीच. ते पाणी मी रोज गाळून पिते.

गाण्यात यातलं काहीच नाही. धरण नाही, तक्रार नाही, नुसती नदीची थोरवी. पहिल्यांदा वाटलं, इतकं पाहून आलेला माणूस बिचकला की काय! आता वाटतं, काठावरची माणसं हेच गात असणार, घर जाण्याच्या आधीपासून. तरी एक शंका उरतेच. तक्रार नाही म्हणून तर ते आमच्या घरात वाजू शकतं.

परवा हे म्हणाले, “भजन छान आहे, कुणाचं?” मी सांगितलं. राहुल राम, आंदोलन, मणिबेली, सगळं. हे काही बोलले नाहीत. टेप मात्र बाजू संपेपर्यंत चालू राहिला.